नगरपालिकेचा नकाशा, घरपट्टी आणि गाळे : प्लॉट घेण्यापासून हरकत नोंदवण्यापर्यंत सगळं कसं चालतं

आमच्या दाजींनी सहा-सात वर्षांपूर्वी गावाच्या कडेला दोन गुंठे घेतले. सातबारा बघितला, खरेदीखत केलं, तलाठ्याकडे नोंद लावली, सगळं व्यवस्थित. एजंट म्हणाला एनए (बिगरशेती) प्लॉट आहे, डोळे झाकून घ्या, आणि दाजींनी खरंच डोळे झाकले. बांधकामाची फाइल टाकायला इंजिनिअरकडे गेलो तेव्हा त्यानं भाग नकाशा मागवला आणि कळलं की प्लॉटच्या एका अंगावरून बारा मीटरचा डीपी (म्हणजे गावाच्या विकास योजनेतला) रस्ता जातोय, जवळजवळ तिसरा हिस्सा त्यात. हा रस्ता आम्ही प्लॉट घ्यायच्या कितीतरी आधीपासून नकाशावर होता. कुणी लपवला नव्हता, आम्ही बघितला नव्हता एवढंच. त्यानंतर दीडेक वर्ष मी दाजींबरोबर नगरपालिकेच्या पायऱ्या चढलो, तेव्हा जे जे कळलं ते इथं लिहितोय. आमची ब वर्ग नगरपरिषद आहे, म्हणून हे नगरपरिषद-नगरपंचायतीच्या गावांना जास्त लागू. महानगरपालिकेचा कायदा वेगळा, पण नकाशाचा आणि बांधकामाचा भाग बराचसा तोच.

आधी कोण काय करतं ते

नगरपरिषदा चालतात १९६५ च्या कायद्यावर (पूर्ण नाव महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम). लोकसंख्या एक लाखावर असेल तर अ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख ब वर्ग, त्याखाली क वर्ग. गावाचा नकाशा, आरक्षणं, बांधकाम परवानगी हे मात्र दुसऱ्या कायद्यावर चालतं, १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, ज्याला ऑफिसात सगळे एमआरटीपी म्हणतात. आणि जमिनीची मालकी तिसरीकडेच, म्हणजे सातबारा तलाठ्याकडे आणि प्रॉपर्टी कार्ड भूमी अभिलेखच्या सिटी सर्व्हे ऑफिसात. ही तीन दप्तरं एकमेकांशी बोलत नाहीत. सातबाऱ्यावर आरक्षण दिसत नाही, डीपीच्या नकाशावर मालकाचं नाव दिसत नाही, आणि घरपट्टीच्या रजिस्टरला दोन्हीशी देणंघेणं नाही. माझ्या मते सामान्य माणसाचे निम्मे घोटाळे इथंच होतात, एक कागद चोख बघतो आणि बाकी दोन सोडून देतो.

पालिकेत सही चालते मुख्याधिकाऱ्यांची. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून येतात, नगरसेवक सभेत ठराव करतात, पण दाखला, परवानगी, नोटीस या सगळ्यावर मुख्याधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला माणूस. मधली काही वर्षं बहुतेक पालिकांत निवडणुकाच झाल्या नाहीत, प्रशासकच सगळं बघत होते, २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका झाल्यावर परत सभा सुरू झाल्या. तुमच्या वॉर्डात बरीच वर्षं नगरसेवकच नव्हता आणि फाइली तरी चालत होत्या, यावरून काय समजायचं ते समजा.

पायरी पहिली : इसार द्यायच्या आधी झोन दाखला आणि भाग नकाशा

व्यवहार ठरायच्या आधी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जायचं आणि दोन अर्ज टाकायचे. एक झोन दाखल्याचा, एक भाग नकाशाचा. झोन दाखल्यात लिहून मिळतं की ही जमीन मंजूर विकास योजनेत रहिवासात आहे, वाणिज्यमध्ये, औद्योगिकमध्ये की शेती विभागात, आणि तिच्यावर आरक्षण किंवा रस्ता आहे का. भाग नकाशा म्हणजे डीपीचा तेवढाच तुकडा, शिक्का मारून. सेवा हमीत (लोकसेवा हक्क कायद्यात) झोन दाखल्याला ७ दिवस आणि भाग नकाशाला ३ दिवस अशी मुदत असते, फी किरकोळ असते. लाखांच्या व्यवहारात एवढे पैसे वाचवण्यात काय अर्थ आहे, पण वाचवतात लोक, आमच्यासकट.

नकाशा हातात आला की काय बघायचं? पिवळा रंग साधारण रहिवास, निळा वाणिज्य, जांभळा उद्योग, हिरवा म्हणजे शेती किंवा बाग-मैदान. रंगापेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी. आरक्षणाचा नंबर, म्हणजे आरक्षण क्रमांक अमुक, प्राथमिक शाळा किंवा भाजी मंडई किंवा खेळाचं मैदान. आणि रस्त्याची रुंदी, विशेषतः रुंदीकरण. जुन्या पेठेत आज सहा मीटरचा रस्ता डीपीत नऊ किंवा बारा मीटर दाखवलेला असतो, तो फरक दोन्ही बाजूंच्या घरांतून जायचा असतो. नदीकाठचा प्लॉट असेल तर पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा वेगळी विचारायची. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या लोकांना २०१९ नंतर हे सांगायची गरज राहिलेली नाही.

भाग नकाशावर सीमा अंदाजे असतात हे ध्यानात ठेवा. रस्ता नक्की किती फूट आत येतो ते मोजणी झाल्यावरच कळतं, म्हणून भूमी अभिलेखकडे मोजणीचे पैसे भरून ठेवायचे आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत घ्यायची, ती पुढं बांधकामालाही लागते.

एनएबद्दल एक. विकास योजनेत रहिवास झोन असेल तर आता महसूल संहितेतल्या सुधारणांमुळे वेगळी एनए परवानगी काढायची पद्धत राहिली नाही, त्यासाठी सरकारनं ठरवलेली रक्कम भरायची असते. पण 'एनए आहे' या शब्दावर प्लॉट विकणारे लेआउट (म्हणजे जमिनीचे प्लॉट-रस्ते पाडल्याची आखणी) मंजूर आहे का ते सांगत नाहीत. मंजूर लेआउटचा नकाशा मागा, त्यावर पालिकेचा किंवा नगररचनेचा शिक्का आणि नंबर असतो. ५०० चौरस मीटरच्या वरच्या जमिनीचे प्लॉट पाडून विकायचे तर महारेराचा (बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नंबर लागतो, तोही मागा. लेआउट नाही, नुसते गुंठे तोडून विकलेत, तर ती गुंठेवारी. गुंठेवारीचा २००१ चा कायदा आहे आणि त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित करून घ्यायची सोय झाली, त्यानंतरच्याला नाही. आणि आरक्षणातली किंवा डीपी रस्त्यातली गुंठेवारी नियमित होईल या आशेवर तर राहूच नका.

पायरी दुसरी : नवा डीपी येतो तेव्हा जागे राहा

विकास योजना वीस वर्षांतून एकदा तरी सुधारायची असते असं कायदा सांगतो. गावात 'डीपी आला, डीपी आला' अशी बोंब उठते तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं ते पायरीनं असं : आधी पालिका इरादा जाहीर करते (एमआरटीपीचं कलम २३), मग आज कुठं काय आहे त्याचा नकाशा तयार होतो, त्याला विद्यमान जमीन वापर नकाशा म्हणतात. या टप्प्याला कुणी बघत नाही आणि खरी गंमत इथं असते, कारण तुमची वीस वर्षांची पिठाची गिरणी या नकाशात 'मोकळी जागा' म्हणून गेली तर पुढं तिच्यावर बगीचा पडायला वेळ लागत नाही. मग प्रारूप योजना प्रसिद्ध होते कलम २६ खाली, राजपत्रात आणि स्थानिक पेपरात जाहिरात येते, आणि हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. त्या जाहिरातीत फक्त 'नकाशा कार्यालयात पाहण्यास उपलब्ध' एवढंच असतं. तुमचं नाव नसतं, सर्व्हे नंबर नसतो, घरी नोटीस येत नाही. म्हणजे तुमच्या जागेवर आरक्षण पडलंय हे तुम्हीच जाऊन शोधायचं.

हरकत कशी लिहायची? आमच्याकडे मागच्या डीपीला लोकांनी एकाच मजकुराच्या शेकडो झेरॉक्स दिल्या, 'आमच्यावर अन्याय झाला आहे तरी आरक्षण रद्द करावे', आणि सुनावणीला एका मिनिटात बाहेर आले. हरकतीत सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, प्रस्तावित आरक्षणाचा नंबर आणि नाव हे पहिल्या दोन ओळींत पाहिजे. मग कारण, आणि कारण नियोजनाच्या भाषेत द्यायचं. 'माझी एकुलती जमीन आहे' हे खरं असलं तरी समिती त्यावर काही करू शकत नाही. पण 'इथं परवानगी घेऊन बांधलेलं दोन मजली घर आहे, परवानगीची प्रत जोडली आहे' किंवा 'दोनशे मीटरवर जुन्या डीपीतलं मैदान ताब्यात असताना परत मैदान दाखवलंय' किंवा 'शेजारी सरकारी गायरान आहे, तिथं हे आरक्षण हलवता येतं' हे त्यांना लिहून घ्यावंच लागतं. पर्याय सुचवलेली हरकत वजनदार ठरते. सोबत उतारा, भाग नकाशा, हातानं काढलेला का होईना पण स्केच, आणि जागेचे फोटो. दोन प्रती न्यायच्या, एकावर आवक क्रमांक आणि तारीख घेऊन घरी आणायची. आवक क्रमांक नसलेली हरकत म्हणजे दिलेलीच नाही.

सुनावणी नियोजन समिती घेते, तिच्यात पालिकेचे सदस्य आणि सरकारनं नेमलेले तज्ज्ञ असे दोन्ही असतात. पत्र आलं की जायचंच, वकील लागतोच असं नाही, नकाशा वाचता येणारा इंजिनिअर बरोबर असला तर जास्त उपयोग. समितीचा अहवाल, मग पालिकेचे बदल, मग सगळं सरकारकडे मंजुरीला. सरकारनं मोठे बदल सुचवले तर तेवढा भाग बाजूला काढून त्यावर परत हरकती मागवतात, त्याला बोलीत ईपी म्हणतात. बरेच जण पहिल्या फेरीत सुटलो म्हणून निवांत बसतात आणि ईपीत अडकतात, ती जाहिरातही वाचत चला.

मंजूर झाल्यावर बदल करायचा तर कलम ३७ चा फेरबदल, तो पालिकेच्या सभेत ठराव होऊन पुढं जातो, लांबचा रस्ता आहे. आणि आरक्षण पडून वर्षानुवर्षं काहीच झालं नसेल तर कलम १२७. योजना लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही, घ्यायची कारवाईही सुरू केली नाही, तर मालकानं मालकीचे कागद जोडून खरेदीची नोटीस द्यायची. त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेनं काही केलं नाही तर आरक्षण संपतं आणि जमीन शेजारच्या झोनसारखी वापरता येते. यात दोन ठेचा ठरलेल्या. दहा वर्षं पुरी व्हायच्या आत दिलेली नोटीस फुकट जाते. आणि कागद अपुरे म्हणून नोटीसच ग्राह्य नाही असं उत्तर येतं, तेही कधी कधी तेवीस महिन्यांनी. म्हणून ही नोटीस मात्र वकिलाकडून पाठवा, इथं हात आखडू नका.

मोबदला तीन तऱ्हेचा असतो : पैसे, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), किंवा रस्त्यात गेलेल्या क्षेत्राचा एफएसआय (म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं तो हक्क) उरलेल्या प्लॉटवर वापरायला. टीडीआर पुण्या-ठाण्यात सोनं आहे, आमच्यासारख्या गावात त्याला गिऱ्हाईकच नाही, कागद कपाटात राहतो. दाजींनी शेवटी रस्त्याचा हिस्सा पालिकेच्या नावे करून दिला आणि तो एफएसआय उरलेल्या जागेवर घेतला.

पायरी तिसरी : बांधकाम परवानगी

डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर. थंड हवेच्या ठिकाणच्या पालिका, लोणावळा, एमआयडीसी असे काही अपवाद. त्याआधी प्रत्येक गावाचे नियम वेगळे असायचे, आता निदान इंजिनिअरला पुस्तक एकच. लहान प्लॉटना सूट आहे, दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या साध्या घराला ठरलेले कागद आणि शुल्क भरलं की काम सुरू करता येतं, तीनशेपर्यंत दहा दिवसांत परवानगी असं आहे. पण सगळा भार इंजिनिअरच्या सहीवर असतो, म्हणून सही विकणाऱ्याकडे जाऊ नका.

कागद लागतात ते : सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड ताजं, खरेदीखत, मोजणी नकाशा, मंजूर लेआउट, घरपट्टी थकबाकी नसल्याचा दाखला, नकाशे, आणि बांधकाम पक्कं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र. फाइल आता ऑनलाइन जाते, इंजिनिअर अपलोड करतो, मग साइट पाहणी, मग चलन निघतं. चलनात विकास शुल्क, छाननी फी, कामगार कल्याण उपकर एक टक्का (स्वतःच्या राहत्या घराला ठरलेल्या मर्यादेच्या आत खर्च असेल तर हा लागत नाही, बरेच ठिकाणी विचारल्याशिवाय सांगत नाहीत), अनामत, जादा एफएसआय घेतला तर प्रीमियम. प्रत्येक आकडा कशाचा ते विचारा आणि पावती त्याच नावाची घ्या. फाइलबरोबर 'वरचा खर्च' म्हणून कुणी ठोक आकडा सांगितला तर त्याची पावती मागितल्यावर चेहरा बघण्यासारखा होतो.

परवानगी म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, ते एक वर्ष चालतं, पुढं नूतनीकरण करावं लागतं. जोतं झालं की जोते तपासणी. हे लोक टाळतात आणि नंतर रडतात, कारण भिंत एक फूट सरकली हे जोत्यावर कळलं तर खर्च हजारांत, स्लॅब पडल्यावर कळलं तर विचारू नका. पाचशे चौरस मीटर आणि वरच्या प्लॉटला पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण सक्तीचं. काम संपलं की भोगवटा प्रमाणपत्र. आमच्या गल्लीत किती जणांकडे भोगवटा आहे विचारलं तर हात वर होणार नाहीत, राहायला गेलो म्हणजे झालं असं सगळ्यांना वाटतं. विकताना बँक मागते तेव्हा धावाधाव.

आणि घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं अजिबात नाही. पालिका बेकायदा बांधकामालाही कर लावते, उलट १९६५ च्या नगरपरिषद कायद्याच्या कलम १८९ अ खाली (पुढची कलमंही याच कायद्याची) वर शास्तीही लावते, आणि कर भरल्यानं ते नियमित होत नाही असं पावतीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं.

पायरी चौथी : घरपट्टी, नाव लावणं आणि ती चार वर्षांची नोटीस

प्लॉट किंवा घर घेतलं की खरेदीखताची प्रत, जुनी पावती, थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन कर विभागात नाव लावायचा अर्ज. वारसानं असेल तर मृत्यू दाखला आणि वारसांची संमतीपत्रं. भावाभावात वाद असेल तर इथं कारकून तुम्हाला कोर्टाचा रस्ता दाखवतो आणि त्यात त्याची चूक नसते, कारण असेसमेंट उतारा (घरपट्टीच्या नोंदीचा उतारा) हा मालकीचा पुरावाच नाही, कर कुणाकडून वसूल करायचा एवढ्यापुरता तो आहे. 'घरपट्टी माझ्या नावावर आहे' म्हणून घर माझं असं समजून बसलेले लोक मी बघितलेत, वीस वर्षं पट्टी भरून हात हलवत गेले.

कर कसा काढतात ते एकदा समजून घ्या, मग बिलातली चूक तुम्हालाच सापडते. बांधकामाचा प्रकार (आरसीसी, लोडबेअरिंग, कौलारू, पत्र्याचं), कुठल्या भागात, वापर राहता की धंद्याचा, यावर दर चौरस मीटरला महिन्याचं भाडं धरतात. समजा ६० चौरस मीटरचं घर, दर २० रुपये. महिन्याला १२००, वर्षाला १४,४००. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, उरले १२,९६०, हे करयोग्य मूल्य. त्यावर समजा एकत्रित कर २४ टक्के, तर ३,११० रुपये. याच बिलात पुढं वृक्ष कर, अग्निशमन, शिक्षण कर, गाळा असेल तर रोजगार हमी कर असे रकाने लागतात, पाणीपट्टी वेगळी. चुका होतात त्या क्षेत्रात आणि वापरात. ओटा, जिना, पोर्च सगळं धरून क्षेत्र लावलेलं असतं, किंवा बंद पडलेलं दुकान अजून वाणिज्य दरानं चालू असतं.

दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. सर्व्हेला पोरं येतात, फीत लावतात, घरात बाई एकटी असली की सही घेऊन जातात, आणि मग कलम ११९ ची नोटीस येते, जिच्यात जुनं मूल्य आणि नवं मूल्य समोरासमोर असतं. या नोटिशीला मुदतीत लेखी हरकत द्यायची, स्वतः मोजलेलं क्षेत्र आणि परवानगीचा नकाशा जोडायचा. सुनावणीनंतरही पटलं नाही तर अपील. नोटीस फाडून टाकली तर पुढची चार वर्षं तोच आकडा.

थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे पाच हजार रुपये एक वर्ष थांबले तर बाराशे वर. बँकेतल्या एफडीला कुणी एवढं देत नाही, पट्टी वेळेवर भरा. अधूनमधून शास्ती माफीची अभय योजना येते, तिची वाट बघत थकवणारेही आहेत, वेळेवर भरणाऱ्याला मात्र त्यातून काही मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

पायरी पाचवी : गाळे, बाजार आणि गावाचा धंदा

आर्थिक विकास हा शब्द राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकेच्या १८ विषयांत आहे, ७४ व्या घटनादुरुस्तीनं आलेला. गावपातळीवर त्याचा अर्थ फार साधा : गाळे, मंडई, आठवडे बाजार, फेरीवाले, आणि रस्ता-पाणी-दिव्याला येणारा निधी. पूर्वी जकात होती, ती नगरपालिकांत १९९९ ला गेली, तेव्हापासून पालिकांचे पगार सरकारच्या सहायक अनुदानावर. स्वतःचा म्हणावा असा पैसा घरपट्टी, पाणीपट्टी, विकास शुल्क आणि गाळाभाडं. महाबळेश्वर, माथेरानला प्रवासी करही आहे, सगळ्यांच्या नशिबी डोंगर नसतो. वेंगुर्ल्यानं मात्र कचरा डेपोच असा करून दाखवला की लोक तो बघायला जातात, तेव्हा डोकं चालवलं तर वाव असतो.

पालिकेचा गाळा घ्यायचा असेल तर लिलावाची जाहिरात बघा, आता बहुतेक ई-लिलाव. मालमत्ता भाड्यानं द्यायची पद्धत कलम ९२ आणि १९८३ च्या हस्तांतरण नियमांत आहे. बोली लावायच्या आधी अटी-शर्ती पूर्ण वाचा : अनामत परत मिळणारी आहे का, भाडेवाढ किती वर्षांनी किती, मुदत किती, नूतनीकरण हक्कानं की पालिकेच्या मर्जीनं, मुदत संपल्यावर परत लिलाव की काय. पोटभाडेकरू ठेवता येत नाही. गावात निम्मे गाळे मूळ माणूस सोडून दुसराच चालवतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण तुम्ही असा गाळा पागडी देऊन घेतला तर तुमच्या नावावर काहीच नसतं आणि उद्या जप्ती आली की पागडीचे पैसे मागायला जागा नाही.

हातगाडी, भाजीची पाटी, चहाचा ठेला असेल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा तुमचा. पालिकेनं सर्व्हे करायचा, ओळखपत्र आणि विक्री प्रमाणपत्र द्यायचं, आणि पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचेच पाहिजेत, त्यातल्या एक तृतीयांश बायका. सर्व्हेच्या दिवशी जागेवर हजर राहा, त्या दिवशी पाहुण्याकडे गेलात तर पुढच्या सर्व्हेपर्यंत थांबा. पीएम स्वनिधीचं कर्ज याच नोंदीवर मिळतं, आता पहिला हप्ता १५ हजार, तो फेडला की २५, मग ५० हजार. व्याजात सवलत वेळेवर फेडलं तरच. बाजाराच्या दिवशी बैठक फी वसुलीचा ठेका दिलेला असतो, दराचा ठराव असतो आणि पावती दिलीच पाहिजे. आमच्या बाजारात दहा रुपयांच्या पावतीवर वीस घ्यायचे, एका आजीनं पावत्या साठवून मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ओतल्या तेव्हा तो प्रकार थांबला.

बजेट कसं वाचायचं

जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रक होतं. दोन भाग, महसुली आणि भांडवली. मी पहिल्यांदा बघतो ते तीन रकाने : मागच्या वर्षीचा अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष. घरपट्टी वसुली प्रत्यक्षात जेवढी होते त्याच्या दुप्पट दरवर्षी धरलेली असेल तर ते बजेट म्हणजे लग्नातली यादी, सगळं लिहिलेलं, आणायचं कुणीतरी. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २६ च्या पैशात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले, ४० टक्के मोकळे. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, जिल्हा नियोजन समितीचा निधी, हे सगळं कामाच्या नावानं येतं. चौकातल्या फलकावर 'अमुक यांच्या प्रयत्नातून' असं असतं, त्याखाली योजनेचं नाव शोधा म्हणजे पैसा कुठला ते कळतं. दिव्यांगांसाठी ५ टक्के राखीव असतात, ते खर्च झाले का हा प्रश्न विचारला की सभागृहात एकदम शांतता होते.

सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आधी निघते, ती मागून घ्या. डीपी फेरबदल, गाळ्यांचं नूतनीकरण, आरक्षित जागा संस्थेला देणं असे विषय बहुतेक शेवटी, 'ऐनवेळचे विषय' म्हणून येतात. ठराव चुकीचा वाटला तर नुसतं चहाच्या टपरीवर बोलून उपयोग नाही, कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी तो थांबवू शकतात, त्यांच्याकडे ठरावाची प्रत जोडून लेखी जा.

अडलं तर

अर्ज शक्यतो आपले सरकार पोर्टलवर किंवा आवक-जावकला टाका, टेबलवर हातात देऊ नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात मुदत गेली की पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग, आणि चूक ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० दंड. पहिलं अपील लिहिलं की बरेचदा त्याच दिवशी फोन येतो 'अहो दाखला तयार आहे, घेऊन जा'. फाइल कुठं अडलीय ते कळत नसेल तर माहिती अधिकार, दहा रुपयांचा स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांत, ३० दिवस. 'का अडवली' असं विचारू नका, त्याचं उत्तर देत नाहीत. 'माझ्या अर्ज क्रमांक अमुकवर कुठल्या तारखेला कुणी काय शेरा मारला त्याच्या टिपणीच्या प्रती द्याव्यात' असं मागा.

शेवटचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठल्याही दाखल्याला जाऊ नका. सगळा स्टाफ वसुलीला बाहेर असतो, नगररचनेचा शिपाईसुद्धा घरपट्टीच्या पथकात जातो. दाजींचा भोगवटा असाच मार्चमध्ये अडकला होता, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवसांत मिळाला. रस्ता अजून झालेला नाही, पालिकेच्या त्या पट्ट्यात सध्या शेजाऱ्याची उसाची ट्रॉली उभी असते.